ताई, रोशनला दिलवर ठेवलंय

प्रिय ताईस,

तुझ्या नामाचा नमस्कार.

तू गेल्यावर तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. वर्षश्राद्धाला सगळे म्हणाले, तुम्ही चार शब्द लिहा, वाचून दाखवू. मी लिहिले नाहीत. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने मेजर झालेल्या बहिणीबद्दल काय लिहावं? चुकलं तर लोक हसतील, अशी भीती वाटली. आज लिहितो आहे, कारण आज त्याहून फार मोठी भीती समोर आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

मी तुझ्या दवाखान्यात बसलो आहे. आपल्या नागपूरजवळच्या छावणीतला, तुझा मिलिटरी दवाखाना. लांब व्हरांड्यातल्या बाकावर आहे मी, आणि काचेच्या दारामागे रोशन आहे. विनोदचा मुलगा, माझा नातू, तुझा लाडका. ताई, त्याला डीआयएलवर घेतलंय.

कागद मांडीवर ठेवून लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल. तरी पत्रात पुस्तकातलं मराठी लिहायचं आणि तोंडाने घरचं बोलायचं, हा तुझा नियम मी पाळतो आहे.

ही तीन अक्षरं मला तूच शिकवलीस. आठवतं? मी सायकलने आपल्या गावाहून, कुहीहून तुला भेटायला आलो होतो, आईने दिलेली अंबाडीची भाजी आणि भाकरी घेऊन. तू फार उशिरा बाहेर आलीस आणि म्हणालीस, "नामा, आज मले जेवाले सवड नाही गा. एकाले डीआयएलवर घेतलं." मी विचारलं, ते काय असते वं? तू सांगितलंस. ज्या जवानाच्या जिवाला फार धोका असतो, त्याचं नाव त्या यादीत जातं. मग त्याच्या पलटणीला कळवतात, पलटण घरी तार करते, आणि घरच्यांना रेल्वेचा पास देऊन बोलावून घेतात. "डाक्टरसाहेब मोठ्यानं काही बोलत नाहीत, नामा. हे तीन अक्षरं बोलतात. आम्ही समजून घेतो."

मला कशाला सांगितलंस गं ते! तेव्हापासून त्या अक्षरांची धास्ती माझ्या मनात बसली ती बसलीच. सांगितलं नसतंस तर आज मीही शोभासारखा निश्चिंत बसलो असतो.

शोभाचं ऐक. शोभा म्हणजे विनोदची बायको, रोशनची आई. विनोद गावी परत गेला आहे, घरी धाकटी पोरगी आणि म्हशी एकट्या आहेत म्हणून. इथे शोभा आणि मी. रोशनला आत घेतलं, त्यानंतर वॉर्डात कामावर असलेला एक हरयाणाचा जवान बाहेर आला. भला पोरगा आहे, पण बोलतो घाईघाईने, त्या तीन अक्षरांचा एकच शब्द करतो. शोभाला म्हणाला, "माताजी, बेटे को डिल पे रखा है, डॉक्टर साब पूरा ध्यान दे रहे हैं."

शोभाने काय ऐकलं असेल? दिल!

तिचा चेहरा उजळला, ताई. तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच मोबाइलवर तिच्या बहिणीला फोन लावला. "अवं, साहेबलोकांनी आपल्या रोशनले दिलवर ठेवलं वं! हो, दिलवर! खुद डाक्टर साहेबानं सांगितलं म्हणे. मिलिटरीवाले असेच असतात, आपल्या माणसाले जीव लावतात." मग भावाला फोन. मग माहेरच्या शेजारणीला. प्रत्येक फोनवर दिल थोडं मोठं होत गेलं. शेवटच्या फोनवर तर सगळ्या पलटणीनेच त्याला दिलवर ठेवलं होतं.

मी शेजारी बसून ऐकत होतो. एकदा म्हणालो, "शोभा, ते दिल नाही..." तिने वळून पाहिलं. इतक्या आशेने पाहिलं की मी म्हणालो, "ते दिल नाही, दिलदार लोक आहेत म्हणतो मी." झालं! खोटं मी बोललो नाही, असं स्वतःला समजावतो आहे. पण गप्प बसणं एवढं जड असतं? दुसऱ्याच्या आईसमोर असं गप्प तू जन्मभर कशी बसलीस?

बाकावर बसून दुसरं काही सुचत नाही, तेव्हा तुझंच आठवतं. तू या नोकरीत गेलीस तेव्हा गावात काय काय बोलले लोक! मोठे काका ओसरीवर येऊन बाबांना म्हणाले, "पोरीले मिलिटरीत पाठवून राहिला काय गा? दुसऱ्याचे घाव धुवाले?" बाबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "घाव आहेत म्हटल्यावर कोणालेतरी धुवाच लागतील ना." काका म्हणाले, "मग आपल्याच पोरीनं काहून?" तेव्हा आई चुलीपासून ओरडली, "तुमची पोरगी पाठवा मग!" काकांनी चपला घातल्या.

आणि मी पहिल्यांदा तुला भेटायला आलो तो दिवस! पांढरा गणवेश, खांद्यावर तारे. माझी ताई ओळखूच येईना. आपण दोघं फाटकातून आत निघालो, तर बंदूकवाला पहारेकरी खाडकन टाच आपटून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. मी घाबरलो. मला वाटलं, सायकलवाल्या नव्या माणसाला इथे असंच अडवतात. मी हातातली पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणालो, "नमस्कार भाऊ, मी काही नाही केलं गा, बहिणीले भेटाले आलो." तो बिचारा हसू दाबून लालबुंद झाला. तू पुढे गेल्यावर मला म्हणालीस, "येड्या, तो मले सलाम करून राहिला होता."

तुला! कुहीच्या पोरीला! गावी आल्यावर ते मी इतक्यांदा सांगितलं की लोक माझ्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला येताना आधीच म्हणायचे, "सलामाची गोष्ट नको सांगू बे, घाई आहे." मोठ्या काकांना मात्र मी ती मुद्दाम पुनःपुन्हा सांगायचो. ते म्हणाले, "नर्सले कोण सलाम ठोकते गा?" मी म्हणालो, "मिलिटरीत ठोकतात काका. तिथं घाव धुणारा अफसर असते."

या इमारतीची गोष्टही तूच सांगितलीस. गोऱ्यांनी हा दवाखाना आपल्या गोऱ्या सोजिरांसाठी बांधला. उंच छपरं आणि हे रुंद व्हरांडे, आपला नागपूरचा उन्हाळा त्यांना सोसवेना म्हणून. आपल्या लोकांची खाटली तेव्हा वेगळ्या बराकीत असायची. गोरे गेले आणि सगळी दारं एक झाली. तू म्हणायचीस, "त्यांनी स्वतःसाठी बांधलं नामा, अन् आमच्या पोरांच्या कामी आलं. भिंतींना काय माहीत कोणासाठी बांधलं!"

माझ्या लग्नाचा राग मात्र अजून आहे माझ्या मनात. सांगून टाकतो. बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा. तू हळदीच्या दिवशी आलीस, आणि दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना मांडवातून दिसेनाशी झालीस. रेल्वेने जखमी आले होते. तुला बोलावणं आलं आणि तू मामाच्या बैलगाडीतून निघालीस, मला न सांगता! सख्खी बहीण असून नवरदेवाला ओवाळायला मावशी! मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही.

मग एकदा तुझ्या मागे मागे वॉर्डाच्या दारापर्यंत आलो. तू आत येऊ दिलं नाहीस, पण दारातून दिसलं. पंजाबचा, मद्रासचा, नेपाळचा, आपल्या साताऱ्याचा, सगळे एका रांगेत. कोणाला पाय नाही, कोणाच्या डोळ्यांवर पट्टी. एक सरदारजी गात होता आणि बाकीचे खाटेवर ताल धरत होते. ती भाषा सगळ्यांना येत होती असं नाही. तू एकाच्या पायाची पट्टी सोडत होतीस आणि तो तुला त्याच्या भाषेत काहीतरी रागाने बोलत होता. तू आपल्या वऱ्हाडीत उत्तर देत होतीस, "हो रे बाबू, दुखते तर दुखते, ओरड किती ओरडाचं ते." तो गप्प झाला आणि हसला. त्या दिवशी माझा राग निम्मा गेला. उरलेला निम्मा मी ठेवून घेतला होता. तो आज सोडतो.

तेव्हापासून मी हा दवाखाना आपल्याच घरचा मानतो. लढाई नसली तरी हा कधी रिकामा नसतो, हे तुझ्यामुळेच कळलं. जवानांच्या बायकांची बाळंतपणं इथेच, पेन्शनीवर गेलेल्या म्हाताऱ्यांचे गुडघे इथेच. आज सकाळीही व्हरांड्याच्या पलीकडे ते म्हातारे रांगेत बसले होते. एकमेकांना अजून पदाने हाक मारतात. "हवालदार साहेब, आपका नंबर आया." हवालदार साहेबांना ऐकू येत नाही, तर सुभेदार साहेबांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. बाकावर माझ्या डाव्या बाजूला एका कर्नलची आई बसते. उजव्या बाजूला मी, सायकलवाला. दोघांना एकाच केटलीतला चहा. देशाचा दवाखाना म्हणजे हेच ना गं?

आता रोशनचं सांगतो. तो सैन्यात गेला तो तुझ्यामुळेच. लहान असताना तुझी टोपी डोक्यावर घालून घरभर "सावधान!" ओरडत फिरायचा. भरती झाला तेव्हा तू पेढे वाटलेस आणि मी तापाने झोपलो. दोन हिवाळे तो बर्फात होता. मी रोज बातम्या लावायचो आणि रोज बंद करायचो. तिथे त्याला ओरखडा आला नाही.

आणि भाताच्या रोवणीला सुट्टी काढून आला, तर आपल्याच घरात! पडवीत खाली सतरंजी टाकून झोपला होता. पहाटे उठला तो पोट दुखतं म्हणून. थोड्या वेळाने म्हणाला, "आबाजी, पापण्या जड होऊन राहिल्या." जीभ अडखळत होती. बोटावर पाहिलं तर दोन बारीक ठिपके. ना सूज, ना रक्त. मण्यार चावली होती!

शेजारपाजारचे गोळा झाले. कोणी म्हणालं, पलीकडच्या गावचा विष उतरवणारा आणा. कोणी म्हणालं, कडुनिंबाचा पाला चारा, कडू लागला तर विष नाही. मी नुसता अंगणात इकडून तिकडे फिरत होतो. मला दुसरं येतं काय? पण विनोद कोणाचं ऐकत बसला नाही. त्याने पोराला उचललं आणि शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच विषावरची इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, श्वास मंदावतोय, पुढे न्या. तोवर रोशनची वाचा गेली होती. पण त्याने खिशावर हात ठेवला. खिशात त्याचं फौजी ओळखपत्र होतं. आम्ही समजलो, कुठे जायचं ते.

तुझ्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा त्याचा उजवा हातही हलत नव्हता. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहिलं आणि अडसर वर गेला. कोणी नाव विचारलं नाही, कोणी गाव विचारलं नाही. आधी श्वासाचं मशीन, मग बाकी सगळं. ताई, मी जन्मभर ट्यूबमध्ये हवा भरली. हवा जास्त झाली तर फुटते, कमी झाली तर चाक बसतं. माझ्या नातवाच्या छातीत ते मशीन अशी मोजून हवा भरताना पाहिलं आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

आत एक तरुण लेफ्टनंट आहे, केरळची. तुझ्यासारखीच चालते, म्हणजे पळते. तिने आम्हाला दोघांना आत नेलं आणि सांगितलं, "बाबूजी, माताजी, ये सो नहीं रहा है. इस ज़हर में आदमी हिल नहीं सकता, आँख नहीं खोल सकता, पर सब सुनता है. आप बात करते रहिए." मला हे ठाऊक नव्हतं. मी तिला म्हणालो, "मेरी बहन इधर मेजर थी." तुझं नाव तिला माहीत नव्हतं. कसं असणार, तू निवृत्त झालीस तेव्हा ती जन्मलीही नसेल. पण ती म्हणाली, "तो आप तो हमारे घर के हुए." आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. माझी छाती भरून आली, ताई. एवढ्या काळजीतही भरून आली.

मी स्टूलावर बसलो, पण बोलायला काही सुचेना. शोभाला मात्र सुचलं. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि सुरू केलं, "बाबू, काही भेऊ नको. साहेबलोकांनी तुले दिलवर ठेवलं. समजलं? दिलवर! आता तुले काही होत नाही." रोज जाते आणि रोज हेच सांगते. मी खाली मान घालून ऐकतो. पोरगा फौजी आहे. त्याला त्या अक्षरांचा अर्थ माहीत असणारच. ऐकत असेल तर त्याच्या मनाचं काय होत असेल? तिला थांबवावं तर तिला कारण सांगावं लागेल. तूच सांग ताई, मी काय करू?

पत्र वर थांबलं होतं, मध्ये काही दिवस गेले. आता पुढचं लिहितो.

रोशनची पापणी उचलली गेली. आधी एक, मग दुसरी. मग बोटं. डॉक्टरांनी हळूहळू मशीन कमी केलं, आणि आज नळी काढली. आम्हाला अजून आत सोडलं नव्हतं. आम्ही बाकावर शिरा खात होतो, शोभाच्या बहिणीने पाठवलेला. तेवढ्यात तो हरयाणाचा जवान हसत बाहेर आला. "बधाई हो माताजी! आपके बेटे को डिल से हटा दिया!"

शोभाच्या हातातला घास तसाच राहिला. "हटा दिया?" ती उभी राहिली. "काहून हटा दिया? हमने क्या किया?"

"अरे माताजी, अच्छा हुआ ना..."

ती त्याला बाजूला सारून आत शिरली. चप्पल काढायचीही शुद्ध नाही. मी मागे धावलो, म्हणजे जेवढा धावता येतो तेवढा. आत त्या लेफ्टनंटचा हात धरून ती रडत होती. "म्याडम, उसको वापस दिल पे रखो! कल तक तो रखा था! कुछ गलती हुई क्या हमसे? मेरा ससुर बार बार दरवाजे में आता है इसलिए क्या?"

घे! माझ्यावरच आलं!

"माताजी, ये तो अच्छी ख़बर है."

"दिल से निकाल दिया और अच्छी खबर? ऐसी कैसी अच्छी खबर वं माय!"

ती पोरगी गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. मग माझी सुटका नव्हती. मी म्हणालो, "शोभा, थांब. ते दिल, म्हणजे आपलं दिल नाही. ते इंग्रजी अक्षरं आहेत. ज्याच्या जिवाले धोका असते त्याले त्या यादीत घेतात. धोका टळला का काढतात. रोशनचा धोका टळला, बापा."

शोभा माझ्याकडे पाहत राहिली. आणि मग खाटेवरून, गंजलेला ब्रेक घासावा तसा आवाज आला.

"आई... आबाजी खरं सांगून राहिले."

रोशन! डोळे उघडे, ओठ कोरडे. शोभा त्याच्यावर वाकली. तो थांबत थांबत बोलला, आणि प्रत्येक शब्द मला पाठ आहे. "मले सारं ऐकू येत होतं. तू रोज येऊन सांगे, दिलवर ठेवलं, दिलवर ठेवलं. मी मनात म्हणो, अवं माय, ते काही चांगलं नसते वं, गप बस. मले हासू येऊन राहिलं होतं, पण तोंडच हालेना."

"भेव नाही वाटलं तुले?" मी विचारलं.

"वाटलं ना आबाजी. लय वाटलं. पण ही एवढ्या खुशीनं सांगे, का मराले लाज वाटली असती."

शोभा हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही. हरयाणाच्या जवानाने लेफ्टनंटला सगळं हिंदीत समजावून सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून हसली. तोंड फिरवलं ते अफसर म्हणून, पण खांदे हलत होते ना, ते तारे वर-खाली होत होते! तू असतीस तर तूही तशीच हसली असतीस.

बाहेर बाकावर आल्यावर शोभाने मला धरलं. "मामाजी, तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो बापा. तू खुश होती, म्हणून नाही सांगितलं."

"खुश काहीची! मी बी भेतच होती. आतून मले समजत होतं का एवढ्या मशिनी उगाच लावत नाहीत. पण दिल म्हणलं, तर मी दिलच धरून बसली." मग ती चिडली. "अन् तुम्ही एकटेच भेत बसले? इथं, माझ्या बाजूले बसून? दोघं मिळून भेलो असतो ना!"

तिघंही भीत होतो, ताई. एक खाटेवर, दोन बाकावर, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

विनोदला फोन केला. त्याने लगेच धाकटीला हाक मारली, आणि मागे म्हैस हंबरताना ऐकू आली. डॉक्टर म्हणतात, अजून काही दिवस इथेच ठेवतील, मग पलटणीत परत. मी "परत?" असं म्हणणार होतो. गिळलं. माझा नातू तुझ्या दवाखान्यात तुझ्या लोकांच्या हातून उठून बसला, आणि मी त्याला घरी बांधून ठेवायचं म्हणावं? कोणत्या तोंडाने? आपल्या घरचे दोघं या देशाच्या फौजेत, एक घाव धुणारी आणि एक पहारा देणारा. मोठे काका असते तर आज त्यांच्या दारासमोर सायकलची घंटी वाजवत दहा चकरा मारल्या असत्या.

हे लिहीत असतानाच व्हरांड्यात नवी माणसं आली आहेत. एक म्हातारा आणि त्याची बायको, ओडिशाची दिसतात. आगगाडीतून सरळ इथे. म्हातारीच्या हातात कापडाचं गाठोडं आहे, ते ती खाली ठेवायलाही तयार नाही. त्यांच्या मुलाला परवा त्या यादीत घेतलं. कर्नलच्या आईने हळूच सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघतो आहे आणि विचारतो आहे, "दिल? दिल क्या?" शोभा उठून त्यांच्यासाठी चहा आणायला गेली आहे. तिने जाताना माझ्याकडे पाहिलं. मी आता कागदाची घडी करणार आहे आणि बाकावर सरकून त्यांना जागा करणार आहे.

मी भित्रा आहे, ताई, आणि या वयात काही सुधारणार नाही. धीर देता येईल की नाही, ते माहीत नाही. पण जोवर या बाकावर बसलो आहे, तोवर इथे कोणाला एकट्याने भिऊ देणार नाही. हे तुला वचन.

तुझा धाकटा,
नामा